आयडेलाची कटकट

१९५२ साली सरकारी नकाशेवाला आमच्या कोलोरॅडोच्या डोंगरात आला. आधीचा नकाशा चांदीच्या खाणी जोरात होत्या तेव्हाचा. डोंगरांना नावंच नव्हती. थर्लो बीसन आपल्या कुरणाचं कुंपण दुरुस्त करत होता. समोरच्या डोंगराच्या लांबलचक धारेकडे बोट दाखवून नकाशेवाल्याने नाव विचारलं.

"चढत राहा, संपतच नाही. आयडेलाची कटकट म्हणा!" थर्लो हसत म्हणाला.

आयडेला म्हणजे थर्लोची बायको. नकाशेवाल्याला काय ठाऊक? त्याने लिहून घेतलं.

दोन वर्षांनी नकाशा छापून प्रुइटच्या दुकानात आला, नावासकट. थर्लोच्या तोंडचं पाणी पळालं. चर्चच्या जेवणात बायकोची नक्कल केल्यापासून तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. "चारचौघांत आणखी एकदा माझं हसं केलंस, तर प्वेब्लोला बहिणीकडे जाईन ती कायमची," असं तिने बजावलं होतं. आणि इथे तर अख्ख्या देशात हसं!

त्याने होते तेवढे नकाशे उचलले.

"एवढे कशाला रे?" प्रुइटने विचारलं.

"गुरं हरवतात."

"जन्म इथे गेला, आणि आता गुरं नकाशावर शोधणार?"

थर्लो निघून गेला, पण प्रुइटच्या डोक्यात किडा वळवळला. सगळे नकाशे दडवतोय, म्हणजे बायकोच्या नावाच्या त्या धारेत याला चांदी सापडली! त्याने आणखी नकाशे मागवले आणि गावभर सांगून ते विकले. खाणी बंद पडल्याने रिकामे बसलेले सगळे कुदळी घेऊन निघाले. कुंपण मोडलं, गुरं पांगली. थर्लो डोकं धरून पायरीवर बसला होता, तेवढ्यात बाहेरगावच्या एका खाणकामगाराने अदबीने टोपी काढून दारातल्या बाईला विचारलं,

"बाई, आयडेलाची कटकट कुठून सुरू होते?"

आयडेलाने त्याच्या हातातला नकाशा पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"इथूनच," ती म्हणाली, आणि बॅग उचलून चालती झाली.

त्या हिवाळ्यात थर्लो एकटाच करपलेला राजमा खात आणि भिंतीशी बोलत राहिला. चांदी कुणालाच मिळाली नाही. प्रुइट दुकान विकून डेन्व्हरला गेला. वसंतात आयडेला परतली; कारण तिने कधी सांगितलं नाही. पुढे नकाशेवाला पुन्हा आला, तेव्हा थर्लो गुरांमागे गेला होता. आयडेलाने पाहुण्याला अ‍ॅपल पाय वाढला आणि धारेखालच्या कोरड्या ओढ्याचं नाव सांगितलं: थर्लोची अक्कल.

आता दोघंही नाहीत, कुरणात गुरंही नाहीत. नकाशावर मात्र ती शेजारी शेजारी आहेत. ओढ्याला अजून पाणी आलेलं नाही, आणि कटकट संपलेली नाही.