‘गाळ’चा शेवटचा वैरी

शौकतभाई तुंगेकरांकडे चष्म्याचा नंबर काढायला गेलं, की ते खुर्चीत बसवतात, नाकावर ती जाडजूड ट्रायल फ्रेम चढवतात, एका डोळ्यावर काळी काच लावतात आणि विचारतात, "'गाळ' ऐकलाय का?" नाही म्हटलंत तर सुटलात. हो म्हणून वर आवडला असंही सांगितलंत, तर तो डोळा अर्धा तास झाकलेलाच राहतो.

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी दचकलो. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून. गाळ म्हटल्यावर नळाची तक्रार असणार असं धरून मी सवयीनं म्हणालो, "लेखी अर्ज द्या." शौकतभाई मिनिटभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग खूश होऊन त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. 'गाळ'विरुद्ध लेखी अर्ज द्यावा असं म्हणणारा पहिलाच माणूस त्यांना भेटला होता. त्याच दिवशी त्यांनी मला न विचारता एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. आमची मैत्री ही अशी जमली. त्या ग्रुपमधून बाहेर पडायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, 'खाजण' नावाचा एक रॉक बँड आहे. उरणकडची चार पोरं. त्यांनी फार वर्षांपूर्वी 'भरती' नावाचा अल्बम काढला आणि आमच्या सीवूड्स-नेरूळकडची बरीच शहाणीसुरती माणसं त्यापायी कामातून गेली. मग त्यांनी 'गाळ' काढला. त्यातली गाणी लांबलचक, मध्येच थांबणारी. शेवटच्या, म्हणजे आठव्या गाण्यात तर सुरुवातीची दोन मिनिटं नुसतं लाँचचं इंजिन वाजतं. चाहत्यांनी कपाळाला हात लावला. बँड संपला, पोरांना हवा लागली, असं ठरलं आणि हा निकाल कायम राखण्यासाठी ग्रुप निघाला. त्याचं नाव 'भरतीवाले'. सभासद, मला सोडून, अकरा.

हे अकरा जण काय दर्जाचे आहेत ते मी जवळून पाहिलंय. सोसायटीच्या मीटिंगला वर्षातून एकदा या म्हटलं तर यांची कंबर धरते, पण तिसऱ्या गाण्यातला ड्रम अर्धा क्षण उशिरा पडतो की नाही, यावर हे पहाटेपासून भांडतात. ग्रुपचा ॲडमिन परुळेकर हा महापेला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो प्रत्येक मेसेज 'प्रामाणिकपणे सांगायचं तर' अशी सुरुवात करून लिहितो, म्हणजे एरवी काय करत असेल ते समजून घ्यावं. आता माझं मत विचाराल, तर मला सगळे अल्बम सारखेच वाटतात. सोसायटीत बोअर मारत होते तेव्हाही असाच आवाज येत होता, पण त्यातून निदान पाणी तरी आलं.

या सगळ्यांत कडवे शौकतभाई. वय पंचावन्नच्या पुढे, दाढी मेंदीनं लाल, खिशाला चार पेनं. बाकीच्यांना 'गाळ' नुसता आवडत नव्हता, शौकतभाईंचं त्याच्याशी हाडवैर. "भिकार," ते म्हणायचे, "एका शब्दात भिकार." आणि मग पुढे चारशे शब्द बोलायचे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे त्यांचा धंद्यातला प्रश्न. चष्मेवाला काच बदलतो आणि विचारतो, "ही बरी का आधीची?" बाकीचे चष्मेवाले हा प्रश्न दुकानात ठेवून घरी जातात. शौकतभाई तो बरोबर नेतात. भाभींनी दोन दिवस लागोपाठ बोंबलाचं कालवण केलं, तेव्हा ताटावर बसून यांनी विचार केला आणि सांगितलं, "आधीचं बरं." तिसऱ्या दिवशी भाभींनी ताटच वाढलं नाही. सोसायटीचा सेक्रेटरी बदलला, कोपऱ्यावरचा चहावाला बदलला, त्यांच्या दोन जावयांपैकी कुणी ईदला काय आणलं, सगळीकडे हाच प्रश्न आणि बहुतेक वेळा हेच उत्तर.

त्यातही त्यांची एक खास लबाडी होती. त्यांचं म्हणणं, पाचव्या काचेनंतर माणूस खोटं बोलायला लागतो. त्याला घरी जायचं असतं, म्हणून तो नव्या काचेला बरी म्हणून मोकळा होतो. मग शौकतभाई काच काढतात, टेबलावर उगाच खुडबुड करतात आणि तीच काच परत लावून विचारतात, "ही बरी का आधीची?" गिऱ्हाईक म्हणतं, ही बरी. "पकडला," असं ते तोंडातल्या तोंडात म्हणतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. माझा नंबर काढायला यांनी एकदा दोन तास घेतले होते. मी चार वेळा पकडला गेलो.

एक सांगायचं राहिलं. दुकानाच्या पाटीवर 'तुंगेकर अँड डॉटर' असं लिहिलंय. सन्स लिहिलेल्या पाट्या मी खूप पाहिल्यात, डॉटर पहिल्यांदाच पाहिली. आत मात्र कुणी डॉटर दिसत नाही, एक रिकामी फिरती खुर्ची तेवढी दिसते. मी विचारलं तेव्हा शौकतभाई म्हणाले, पेंटरनं चुकून लिहिलं. इतका चिकित्सक माणूस पेंटरची चूक इतकी वर्षं खपवून घेतो, हे मला पटलं नव्हतं, पण मी पडलो सरकारी नोकरीतला. चूक जुनी असली की आम्ही तिला हात लावत नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना 'खाजण'नं गेल्या महिन्यात नवा अल्बम काढला. नाव 'झगमग'. पोरं आता चाळिशीला आलेली. कव्हरवर चौघांनी चंदेरी कोट घातलेत आणि गाणी लग्नाच्या वरातीत वाजवता येतील अशी. ग्रुपवर दोन दिवस सुतक होतं. तिसऱ्या दिवशी परुळेकरचा मेसेज आला. 'प्रामाणिकपणे सांगायचं तर, आपण गाळवर अन्याय केला.'

मग काय विचारता. तासाभरात नऊ जणांना साक्षात्कार झाला. ज्यांनी वर्षानुवर्षं 'गाळ'ला शिव्या घातल्या, तेच आता त्यात मातीचा वास आहे, काळाच्या पुढचा आहे, असं लिहू लागले. एकानं तर 'मला पहिल्यापासून आवडत होता' असं ठोकून दिलं. मी त्याचा जुना मेसेज शोधून टाकला, तर म्हणे ते उपरोधानं होतं. वारा फिरला की छत्र्या उलटतात, पण छत्री निदान 'मी मुळात अशीच होते' असं म्हणत नाही.

उरले शौकतभाई. त्यांनी एकच शब्द लिहिला, 'भिकार'. परुळेकरनं ठरवलं की रविवारी शौकतभाईंच्याच दुकानात जमायचं आणि म्हाताऱ्याला कबूल करायला लावायचं. रविवारी दुकान दुपारी बंद असतं आणि ग्रुपमध्ये सगळ्यात दणदणीत स्पीकर त्यांच्याकडेच आहेत. शौकतभाई म्हणाले, या. मीही गेलो. मला कबुलीजबाबात रस नव्हता, पण वाचताना अक्षरं हलायला लागली होती आणि रविवारी तपासणी फुकट होईल असा एक हिशेब होता.

सगळे स्टुलांवर बसले. मी ट्रायल फ्रेम घालून खुर्चीत, एक डोळा झाकलेला. परुळेकरनं 'गाळ'ची थोरवी सांगणारं भाषण केलं. शौकतभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मान्य. मी हट्ट सोडतो. पण आधी 'झगमग'मधलं एक गाणं ऐकवतो. छुपं हाय, फक्त सीडीवर दिलंय. हे बरं का 'गाळ' बरा, तुमीच सांगा."

त्यांनी सीडी घातली, बटण दाबून धरलं आणि गाणं मधूनच सुरू केलं. पाच-सहा मिनिटं ते चाललं. संपल्यावर परुळेकर म्हणाला, प्रामाणिकपणे सांगायचं तर कचरा. दुसरा म्हणाला, हेच ते, पैशासाठी केलेलं, 'गाळ'मध्ये असला एक सूर सापडणार नाही. तिसऱ्यानं शब्दांत जीव नाही म्हणून मान हलवली. सगळ्यांचं एकमत झालं.

शौकतभाईंनी सीडी बाहेर काढली आणि परुळेकरच्या हातात ठेवली. ती 'गाळ'ची होती.

"आठवं गाणं," ते म्हणाले. "पकडला."

अख्ख्या ग्रुपमध्ये कुणी ते लाँचचं इंजिन ओलांडून पलीकडे गेलंच नव्हतं. शिव्या घातल्या तेव्हाही नाही आणि आरत्या ओवाळल्या तेव्हाही नाही. पाच मिनिटांत दुकान रिकामं झालं. परुळेकरला अचानक घणसोलीला कुणाकडे तरी जायचं आठवलं. मी त्या काळ्या काचेआड बसून पोटभर हसलो. आयुष्यात एखाद्या रविवारचं इतकं सार्थक झालं नव्हतं.

हसून झाल्यावर मात्र माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. शौकतभाईंनी इंजिन संपून गाणं जिथं सुरू होतं, नेमक्या त्याच ठिकाणी बोट सोडलं होतं. प्लेअरवरच्या आकड्यांकडे न बघता. आणि गाणं चालू असताना त्यांचे ओठ हलत होते. एकही शब्द चुकला नव्हता. टेबलावरच्या सीडीच्या कव्हराकडे मी उघड्या डोळ्यानं पाहिलं. कडा झिजून पांढऱ्या झालेल्या, घडीवर चिकटपट्टी.

"शौकतभाई," मी म्हणालो, "भिकार अल्बम किती वेळा ऐकलात?"

त्यांनी माझ्या डोळ्यासमोर एक काच धरली आणि काढून घेतली. बरी का आधीची, हे विचारायचं विसरले.

मग त्यांनी सांगितलं. त्या इंजिनाचा आवाज उरणजवळच्या मोरा बंदरातल्या लाँचचा. त्यांचं गाव तिकडचंच. धाकटी मुलगी सना लहान असताना महिन्यातून एकदा ते तिला घेऊन त्या लाँचनं मुंबईला जायचे, घाऊक बाजारात चष्म्याच्या फ्रेमा घ्यायला. पोर इंजिनाजवळ बसायची, तिथं गरम वाटतं म्हणून. पुढे ती डोळे तपासण्याचंच शिकली. यांनी पाटी रंगवून घेतली, दुसरी खुर्ची आणली. आणि ती डब्लिनला गेली, इथं एका खोलीत आयुष्य काढायचं नाही म्हणाली. वाईट भांडण झालं. शौकतभाई तिला जे बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही. चार महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

"मग तिचा मेसेज आला," ते म्हणाले. "अब्बा, 'गाळ' ऐकला का, भारी हाय. आता मी काय लिहिणार? माफ कर लिहिता येत नव्हतं. मी लिहिलं, भिकार. तिचा लगेच फोन. दोन तास भांडली. तेव्हापासून दर रविवारी भांडते. बाकी काय बोलणार आमी? जेवलीस का, जेवले. थंडी हाय का, हाय. संपलं. 'गाळ' असला की तासभर जातो."

मी नाकावरची फ्रेम उगाच सरळ केली.

"आता सगळी दुनिया त्याला चांगला म्हणायला लागली," शौकतभाई म्हणाले. "ती म्हणेल, अब्बा, आता तरी कबूल करा. कबूल केलं की झालं ना, वाघमारेसाहेब. पुढच्या रविवारी फोन कशाला करेल?"

तेवढ्यात फोन वाजलाच. त्यांनी तो टेबलावर काचांच्या पेटीला टेकवून ठेवला. स्क्रीनवर तिशीची एक मुलगी, डोळे थेट बापाचे. सलाम झाला, जेवण झालं, थंडी झाली. मग ती म्हणाली, "अब्बा, 'झगमग' ऐकला. आणि मग 'गाळ' परत ऐकला."

शौकतभाईंनी खिशातली चार पेनं उगाच नीट लावली.

"तुमीच बरोबर होता," सना म्हणाली. "भिकार आहे तो."

मी तो माणूस इतक्या वर्षांत बेरकी, खवचट, चिडलेला असा सगळा पाहिला होता, घाबरलेला पहिल्यांदाच पाहिला. समोरून मुलगी हट्ट सोडून देत होती, आणि तिनं सोडला तर यांच्या हातात काही उरणार नव्हतं. ते खुर्चीत पुढे सरकले.

"भिकार?" ते म्हणाले. "तुला अक्कल हाय का? आठवं गाणं नीट ऐकलंस?"

"ऐकलं. दोन मिनिटं नुसतं इंजिन. काय अर्थ आहे का त्याला?"

"इंजिनाला नाव ठेवू नकोस. त्याच्यात तर सगळा अल्बम हाय."

"अब्बा, इतकी वर्षं तुमीच तर म्हणत होता—"

"मी चुकलो होतो. आता तू चुकतेस."

सना हसली. ती ज्या तऱ्हेनं आरामात मागे टेकली आणि चहाचा मग हातात घेतला, त्यावरून मला शंका आली की लबाडी या घराण्यात एकट्या बापाकडे नसावी. दुनियेनं मत बदलल्याचं तिलाही कळलं असणार आणि अब्बाही बदलतील या धास्तीनं तिनं आधीच पक्ष बदलला असणार. हे शौकतभाईंना कळलं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना ते कधीच सांगणार नाही.

भांडण रंगलं. मधेच शौकतभाईंनी फोन माझ्याकडे वळवला. "हे आमचे वाघमारेसाहेब. तटस्थ माणूस. विचार त्यांना, बरा का भिकार."

बापलेक दोघंही माझ्याकडे बघत होते. मी तो अल्बम आयुष्यात धड ऐकलेला नव्हता. नाकावर फ्रेम, एक डोळा काळा, अशा अवतारात मी म्हणालो, "मला अजून ठरवता येत नाही. पुढच्या रविवारी परत ऐकावा लागेल."

"बघ," शौकतभाई मुलीला म्हणाले, "पुढच्या रविवारी." आणि त्यांनी इंजिनापासून पुन्हा सुरुवात केली.

ते सव्वा तास बोलले. माझा नंबर काही त्या दिवशी निघाला नाही. डोळ्यावरची काळी काच मला स्वतःला काढता आली असती, पण मी तसाच बसून राहिलो.