आजींच्या मापाचा एसटी स्टँड

समावेशनाचं परिपत्रक मॉडेलमधल्या माणसांनाही लागू होतं, हे कला आणि स्थापत्य महाविद्यालयाला ज्यूरीच्या दिवशी सकाळी कळलं, कारण निलोफर मुजावरच्या एसटी स्टँडच्या मॉडेलमधली सगळी माणसं बाहेर येऊन पायरीवर बसली होती.

निलोफरला राग आला तो त्यांच्या हलण्याचा नव्हे, त्यांनी निवडलेल्या मुहूर्ताचा. दुपारी तिची शेवटच्या वर्षाची ज्यूरी, म्हणजे परीक्षकांसमोर मॉडेल मांडायची परीक्षा, होती. मागच्या खेपेला बाहेरचे परीक्षक शिरगावकर यांनी तिचं मॉडेल एक डोळा मिटून न्याहाळलं होतं, "इमारत बरी आहे, हिच्यात माणूस कुठाय?" असं विचारलं होतं आणि तिला नापास केलं होतं. या वर्षीही तेच येणार होते. पुन्हा नापास झाली तर अब्बा तिला घरी बोलावून चुलत्यांच्या टाइल्सच्या दुकानात बसवणार, हे ठरलेलं होतं. टाइल्सशी तिचं काही वैर नव्हतं. पण तिला आपल्या गावचा स्टँड बांधायचा होता, आणि रिकामा स्टँड घेऊन शिरगावकरांसमोर जाणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं होतं.

आता ही माणसं कोण, ते सांगायला हवं. महाविद्यालयात नखाएवढ्या माणसांचा एक साचा होता. तो सीनियरकडून ज्युनियरकडे येई आणि पुठ्ठ्यावर ठेवून कटरने माणसं कापली जात. ब्रीफकेसवाला गृहस्थ, खिशात हात घातलेला तरुण आणि खांद्याला पर्स लावलेली सडपातळ बाई. दवाखाना असो, मासळीबाजार असो की स्मशानभूमी, सगळीकडे हीच तिघं डावीकडे बघत उभी असत. कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

मग कुणालाही वगळू नये असं विद्यापीठाचं परिपत्रक आलं, समिती नेमली गेली आणि समावेशन सप्ताह झाला. निलोफरने ते मनावर घेतलं. तिने साचा बाजूला ठेवला आणि डोक्यावर पदर घेतलेली, काखेत गाठोडं मारलेली एक म्हातारी कापली. गडबड एवढीच झाली, की तिने म्हातारी उतरवून घेतली ती भिंतीवर लावलेल्या स्टँडच्या मोठ्या नकाशातल्या चित्रावरून, आणि तो नकाशा मॉडेलच्या दुप्पट मापाचा होता. त्यामुळे आजी बाकीच्यांच्या दुप्पट झाल्या आणि त्यांचं डोकं थेट छताला लागलं. घाईत निलोफरने त्यांना दाराबाहेर चिकटवून टाकलं. त्यांना बाहेर ठेवल्याचं पाहून बाकीचे आतून निघून आले होते.

"आजी आत येत नाहीत तोवर आम्हीही जाणार नाही," ब्रीफकेसवाल्याने शांतपणे सांगितलं.

निलोफरने समितीच्या निमंत्रक इंगोले मॅडमना बोलावलं. मॅडम भिंग घेऊन आल्या, सदस्यांना घेऊन आल्या आणि मॉडेलभोवतीच बैठक बसली. आजींना काढून योग्य मापाची दुसरी म्हातारी लावावी, असं एकाने सुचवलं. केवळ उंचीपायी कुणाला डावलता येणार नाही, म्हणून ते बारगळलं. मग कुणीतरी आजींनाच वरून खालून थोडं कापावं म्हणालं, तेव्हा मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. शेवटी स्टँडच्या बाजूला आजींपुरती एक स्वतंत्र उंच शेड काढावी, यावर सगळ्यांच्या माना डोलू लागल्या. शेड सुटसुटीत होती, तासाभरात होण्यासारखी होती.

"म्हंजी माझी पंगत येगळी," आजी म्हणाल्या.

मॅडमनी भिंग खाली ठेवलं.

"आजी, थोडं वाकून नाही का जाता येणार?" निलोफरने विचारलं. तिला विचारताना लाज वाटली, पण घड्याळ पुढे पळत होतं.

"लई वाकले गं पोरी आजवर. घरात वाकले, रानात वाकले. स्टँड तरी सरकारी हाय."

निलोफरला आपल्या नानीची आठवण आली. तिने कटर उचललं. वर्षभर जपलेलं छप्पर तिने स्वतःच्या हाताने उचकटलं, भिंती वाढवल्या, दार दुप्पट उंच केलं. आजींसाठी मोठं बाकडं केलं, चौकशीच्या खिडकीवर आणखी एक खिडकी काढली. जेवायलाही ती उठली नाही. इंगोले मॅडमनी बाह्या सरसावून फेविकॉल लावला आणि बैठक संपल्याचं जाहीर केलं. आजी ताठ मानेने आत गेल्या. त्यांच्यामागून बाकीचे गेले, ब्रीफकेसवाला सगळ्यात शेवटी.

शिरगावकरांनी नेहमीप्रमाणे एक डोळा मिटला.

"हे दार एवढं उंच कशाला?"

"आजींना वाकायला लागू नये म्हणून."

शिरगावकर खाली वाकले, त्यांनी आत पाहिलं. आजींनी पदर सारखा केला. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"आणि बाकीच्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

"उंच दाराने आमचं काही अडत नाही," आतून ब्रीफकेसवाला म्हणाला.

शिरगावकरांनी मान हलवली आणि निलोफरला पास केलं.

पुढे काही वर्षांनी तो स्टँड गावात खरोखर उभा राहिला, दारासकट. उद्घाटनाला भाषणं झाली, नारळ फुटला, अब्बांनी ओळखीच्या प्रत्येकाला छप्पर दाखवलं. मंडळी पांगत असताना रस्त्याने एक आजी आल्या. इतर माणसांच्या दुप्पट उंच, काखेत गाठोडं. न वाकता त्या दारातून आत गेल्या, मोठ्या बाकड्यावर टेकल्या आणि मग त्यांनी वरच्या खिडकीत तोंड घालून मिरजेची गाडी कुठं लागते ते विचारलं. पलीकडच्या फलाटाला, पण जरा उशीर आहे, असं कंट्रोलरने सांगितलं. उशीर नेहमीचाच होता.

गाडी आली. आजी दारापाशी गेल्या आणि थांबल्या. गाडीचं दार नेहमीच्याच मापाचं होतं.

आत बसलेला ब्रीफकेसवाला एक गृहस्थ उठला, खाली उतरला आणि फलाटाच्या कडेला जाऊन बसला. त्याच्यामागून एकेक करत सगळी गाडी उतरली. कंडक्टरने तिकिटांची पिशवी मांडीवर घेतली आणि तोही त्यांच्या शेजारी टेकला.

फलाटावरच थांबलेल्या निलोफरने पर्समधून टेप काढला आणि गाडीच्या दाराचं माप घ्यायला सुरुवात केली.