मृण्मयीबाईंच्या लग्नी पंगत बसली त्याची हकीकत

श्री. विघ्ने हरणाऱ्या देवास नमन, केळीचे पान देणाऱ्या भूमीस नमन, आणि पानाभोवती पाणी फिरवून वरणाची वाट पाहणाऱ्या समस्त भुकेल्या मंडळींस नमन करोन हे वर्तमान लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास, ते समयी एका राज्यात राजे मनोहरराव राज्य करीत होते. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण भोवतालची सर्व राज्ये तैसीच आहेत. पूर्वी या राज्यात लग्न निघाले म्हणजे ते एका घरी निघत नसे, अख्ख्या आळीत निघे. मांडवावर जावई आणि भाचे चढत, पापड शेजारणी लाटीत, तांदूळ निवडण्यास ज्या म्हाताऱ्या बसत त्या निवडता निवडता व्याह्यांच्या सात पिढ्यांतले खडेही काढीत, आणि पाहुणे निजण्यास शेजारच्या घरी जात आणि तेथील उशांवरून आपसांत भांडत. आणि मग अक्षता पडल्या म्हणजे पंगतीची मोहीम निघे. आघाडीस मीठ आणि लिंबू जाऊन ठाणे घेत, मग चटणी-कोशिंबिरीची हलकी फौज पानाच्या डाव्या अंगास उतरे, उजवीकडे भाजी आणि आमटी मोर्चे धरीत, मध्ये भाताची मूद किल्ल्यासारखी उभी राही आणि तिजवर वरण आणि तूप चढाई करीत, आणि मग पिछाडीहून जिलबीचे ताट येई. त्या ताटाचे सरदार खुद्द मनोहरराव. तेव्हा ते युवराज होते आणि कमरेस उपरणे बांधोन राज्यातील प्रत्येक लग्नी वाढीत होते. समोरचा दोन्ही हात पानावर आडवे धरी आणि म्हणे, "युवराज, आता एक जरी वाढलीत तर मला घरी उचलून न्यावे लागेल," आणि युवराज म्हणत, "गाडी जुंपून ठेवली आहे, आपण जेवा."

मग काळ पालटला आणि राज्यात इव्हेंटवाले म्हणोन नवे सरदार आले. त्यांजपाशी धुराचे ढग होते, थंड ज्वाळांची कारंजी होती, आकाशी घोंगावणारे ड्रोन नामक पाखरू होते, आणि वधूवरांनी लग्नाआधीच डोंगरावर जाऊन एकमेकांकडे धावावे आणि त्याचे चित्रण करावे ऐसी एक विद्याही होती. पंगत मोडली आणि बुफे आले. बुफे म्हणजे यजमानाने अन्न दूर मांडून ठेवावे आणि पाहुण्याने ताट हाती धरोन त्याजकडे रांगेने जावे, आणि यजमानाने तेवढा वेळ मंचावर उभे राहोन छायाचित्रे काढवावी. मग चढाओढ लागली. एकाने फुलांची कमान केली तर दुसऱ्याने परदेशी फुलांची केली, तिसऱ्याने नवरदेव पाळण्यातून मंचावर उतरविला आणि तो मध्येच अडकला, तरी चवथ्याने पाळणाच केला, फक्त मोठा. कोणी घर गहाण टाकिले, कोणी दागिने मोडिले, आणि लग्नाच्या दुसरे दिवशी मंडप उतरे तेव्हा विकत घेतलेले सर्व काही टेम्पोत बसोन पुढील लग्नास निघोन जाई.

ऐसियात राजकन्या मृण्मयीबाई यांचे लग्न नदीपलीकडील राज्याचे राजे भास्करराव यांचे चिरंजीव शंतनुराव यांशी ठरले. इव्हेंटवाले सरदार दरबारी हजर जाहले आणि पडद्यावर चित्रे दाखवो लागले. राणीसाहेब सुमित्राबाई म्हणाल्या, "अहो, एकुलती एक आहे. करायचे तर नीटच करू, नाहीतर जन्मभर ऐकावे लागेल." राजे म्हणाले, "तळ्याकाठची आमराई देऊन टाकू. तेवढ्यात भागेल." ही आमराई राजांच्या वडिलांनी लाविली होती, आणि राज्याचा भार उतरल्यावर राजाराणी उभयतांनी तेथे लहानसे घर बांधोन राहावे ऐसा मनसुबा होता. हे वर्तमान मृण्मयीबाईंस कळले. त्या शास्त्र शिकलेल्या, पाहिल्यावाचून न मानणाऱ्या. त्यांनी आणि शंतनुरावांनी मसलत केली आणि दुसरे दिवशी दरबारी येऊन सांगितले, "आबा, आमराई विकायची नाही. आम्ही नोंदणी करून लग्न करतो. तीन साक्षीदार, दहा माणसे, आणि संध्याकाळी आईस्क्रीम." राजे म्हणाले, "उत्तम आहे," आणि उठोन अंगणात गेले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मृण्मयीबाईंस याचा अर्थ लागेना, आणि ज्याचा अर्थ लागत नाही ते तैसेच सोडणे त्यांच्या स्वभावी नव्हते, सबब त्या राजांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब यांजकडे गेल्या. आक्कासाहेब म्हणाल्या, "तो आमराईसाठी रुसलाय असे वाटते होय तुला? अगं, सगळ्या राज्याच्या लग्नांत वाढून वाढून उपरण्याला त्याच्या पाकाचे डाग पडले. आपल्या दारात पंगत बसेल, राज्य जेवेल, याची वाट बघतोय आपला मनोहर, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून. इव्हेंटवाल्याच्या लग्नात आमराई जाते आणि पंगत नाही. तुझ्या लग्नात आमराई राहते आणि पंगत नाही. दोघांनी मिळून त्याला उपाशीच ठेवायचे ठरवलेत." मृण्मयीबाई म्हणाल्या, "मग सांगितले का नाही त्यांनी?" आक्कासाहेब म्हणाल्या, "पुरुष आहे. सांगितले असते तर आजारी आहे की काय म्हणून बघायला यावे लागले असते."

मग मृण्मयीबाईंनी एक चौकशी मांडिली, ती ऐसी. राज्यात घरोघर फिरोन त्या पुसो लागल्या की मागल्या वर्षी ज्या लग्नास गेलात तेथील काय स्मरते. एक म्हणाले, "गाडी लावायला जागा नव्हती." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "गाणी इतकी मोठ्याने की शेजारची काय बोलली ते कळले नाही, आणि तिला काहीतरी महत्त्वाचे सांगायचे होते." तिसरे फार वेळ विचार करोन म्हणाले, "पनीर." मंचाचा रंग कोणासही आठवेना, ज्या घरचे लग्न त्यांसही आठवेना. मग त्यांनी पुसिले की तीस वर्षांमागील लग्नांतले काय स्मरते, तो लोक खुर्ची पुढे ओढोन बोलो लागले. अमक्याने मठ्ठा सांडला, अमकीने मागून मागून भात घेतला, आणि "तुझ्या बापाने मला पाच जिलब्या वाढल्या आणि सहावी पानाखाली लपवून गेला" ऐसे सांगणारे तर प्रत्येक आळीत निघाले. वाढणाऱ्याचे नाव सर्वांस पाठ. तेव्हा मृण्मयीबाईंनी निष्कर्ष काढिला की आपण खर्च कमी करू गेलो आणि माणसेच कमी केली, ही चूक जाहली. माणसे ठेवावी, आणि बाकीचे कमी करावे.

मग तैसेच ठरले. मंगल कार्यालय सोडोन राज्याच्या शाळेचे पटांगण घेतले, आणि सुट्टीचा वार टाळोन बुधवारचा मुहूर्त धरिला, तो मंडपवालाही भावात नरमला आणि शाळेच्या पोरांस सुट्टीही मिळाली. निमंत्रणे मोबाईलवर गेली, वडीलधाऱ्यांकडे मात्र राजाराणी उभयतां स्वतः अक्षता घेऊन गेली. शालू आक्कासाहेबांचा, फुले झेंडूची आणि शेवंतीची, साखरपुडा आणि हळद आणि लग्न एकाच दिवशी, छायाचित्रे आतेभावाने काढावी, आहेर घेऊ नये आणि देऊही नये. आचारी तेवढा पगारी, वाढणारे सारे घरचे. आहेर बंद जाहला हे ऐकोन राज्यातील बायकांनी उघड नापसंती दाखविली आणि घरी जाऊन सुटकेचा निःश्वास टाकिला. राणीसाहेबांस व्याह्यांचे भय होते. शंतनुराव स्वतः वकील होऊन वडिलांकडे गेले. भास्करराव म्हणाले, "जमिनीवर बसू. बसण्याची अडचण नाही, उठण्याची आहे. पण एक सांगून ठेवतो, वरपक्षाने वाढायचे नसते ही रीत आहे. आम्ही मानकरी म्हणून येऊ, बसू, जेवू आणि नावे ठेवू." तह येणेप्रमाणे जाहला. मनोहररावांस जेव्हा सांगितले की पटांगणात पंगत बसणार, तेव्हा त्यांनी, "जमेल का पण?" इतकेच पुसिले, आणि त्या रात्री दोन वेळा भात घेतला.

लग्नाचे दिवशी अक्षता पडल्या, पाने मांडिली, रांगोळ्या निघाल्या आणि पहिली पंगत बसली. वाढण्यास भाचे, पुतणे आणि मृण्मयीबाईंच्या मैत्रिणी ऐशी नवी फौज उभी केली होती, परंतु त्यांतील कोणी जन्मात पंगत पाहिली नव्हती. एकाने मीठ उजवीकडे वाढिले, एकाने दोनदा वाढिले, एक मैत्रीण प्रत्येकास "भात हवा का, की नको?" ऐसे नम्रपणे पुसोन त्याने संकोचाने नको म्हणताच पुढे जाऊ लागली. तरी पहिली पंगत निभावली. दुसरी पंगत बसली तेव्हा फौज थकली होती, वाकोन वाकोन कमरा धरिल्या होत्या, आणि भाताच्या मुदी पानोपान उभ्या असता वरण येईना. लोक भाताकडे पाहात बसले. वरपक्षातील एक मामा मोठ्याने म्हणाले, "वरण शेजारच्या राज्यातून यायचे आहे वाटते." राजे मनोहरराव जिलबीचे ताट ठेवोन स्वतः वरणाची बादली उचलो गेले, तो गुडघ्याने दगा दिला आणि ते खांबास धरोन उभे राहिले, आणि सर्व राज्यासमोर त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला. राणीसाहेबांनी मान खाली घातली. एकाने हळूच पान पुढे सारिले, उठण्याची तयारी.

तेव्हा मानाच्या पाटावर बसलेले भास्करराव फेटा काढोन शेजारच्याच्या मांडीवर ठेविते जाहले, आणि त्या शेजाऱ्याचा खांदा धरोन उठले, आणि उपरणे कमरेस बांधोन त्यांनी बादली उचलिली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, आपण वरपक्ष. मान आहे आपला." भास्करराव म्हणाले, "मान जेवून झाला की बोलू त्याच्याशी. भात निवतोय." आणि ते ऐशा चालीने निघाले की बादली डाव्या हाती, पळी उजव्या हाती, पानागणिक एकच धार आणि थेंब बाहेर नाही. पाहणारांस कळोन चुकले की नदीपलीकडेही कोणी एके काळी आळीतल्या लग्नांत वाढिले होते. मग टोमणा मारणाऱ्या मामांस बसवेना, त्यांनी तूप घेतले. मग काका उठले, मग आळीतले पांढऱ्या केसांचे सारे जुने सरदार उठले आणि पोरांस म्हणाले, "अरे, विचारायचे नसते, वाढायचे असते," आणि पोरे त्यांच्यामागे चालो लागली. मनोहरराव खांब सोडोन ताट घेऊन निघाले. ते सावकाश चालत होते, परंतु एकही पान चुकविले नाही, आणि ज्यांनी साखर सोडिली होती त्यांनीही त्या दिवशी अर्धी घेतली.

शेवटी वाढणारांची पंगत बसली. दोघे व्याही शेजारी शेजारी बसले आणि वधूवर वाढो लागले. जिलबी संपली होती, चुऱ्यावर भागविले. भात मात्र ताजा होता. मनोहररावांनी रीतीप्रमाणे पानावर हात आडवे धरिले, तो मृण्मयीबाई म्हणाल्या, "आबा, हात काढा, भाजेल," आणि त्यांनी हात काढिले. जेवणे उरकली, आणि मग उठण्याचा प्रसंग आला, तो दोघांसही उठवेना. भास्करराव म्हणाले, "व्याही, आधी तुम्ही." मनोहरराव म्हणाले, "छे, मान तुमचा." आणि दोघेही तेथेच बसोन राहिले. इकडे पाठवणीची वेळ जाहली. लेकीने वाकोन पाया पडावे तर बाप जमिनीवरच, मग तीही शालू सावरोन पानासमोर खाली बसली. राजांनी तिच्या पदरास लागलेले वरण अंगठ्याने पुसिले आणि विचारिले, "तू जेवलीस का?" ती म्हणाली, "नाही. वाढत होते ना." तेव्हा राजांनी आपले पान तिच्याकडे फिरविले, उरला भात त्यावर वाढावयास लाविला, आणि नदीपलीकडील राज्याची सर्व मंडळी गाड्या सुरू करोन खोळंबली असता ती तेथे बसोन जेवली.

तात्पर्य, लग्न थोडक्यात जाहले आणि माणसे सर्व जेवली, आमराई राजांकडेच राहिली. पुढे सर्व राज्याने पंगत धरिली ऐसे मात्र नाही. पुढच्याच महिन्यात एक पाळणा पुन्हा अडकला. जे पाहिले ते लिहिले, पदरचे घातले असेल तर मिठाइतके. वाचणाऱ्याचे घरी मंगल कार्य होवो आणि वाढण्यास हात कमी न पडोत. इति.