ट्रंपेटचं मधलं बटण

ट्रंपेटचं मधलं बटण दाबलं की खाली जायचं आणि वर यायचं नाव घ्यायचं नाही, एवढीच काय ती तक्रार होती. पण बावीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त करणाऱ्या माणसासमोर ती बोलून दाखवली, तिथेच लेक चुकली.

"चार वाजेपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचंय, बाबा. मुलांच्या बँडमध्ये एकच जागा उरलीय," ती म्हणाली. "मी पटकन डोकं धुऊन येते. तोपर्यंत तू हात लावू नकोस."

"मी कशाला हात लावतोय?"

न्हाणीघराचं दार लागलं आणि बाबाने ट्रंपेट ओट्यावर आडवा घेतला. लेक अकरा वर्षांची. तिला काय कळतंय? पितळेचा असला तरी शेवटी पाइपच तो. आत कचरा अडकला असणार. मधलं बटण फिरवलं तसा खालचा दट्ट्या अलगद बाहेर आला. तो एकटाच कशाला धुवायचा, म्हणून बाबाने उरलेले दोन्ही काढले. तिघांना साबणाच्या पाण्यात आंघोळ घातली, स्वच्छ पुसलं आणि फडक्यावर ओळीने मांडलं. मग ओळ वाकडी वाटली, म्हणून पुन्हा मांडलं.

सगळं जोडून त्याने फुंकर मारली. गाल फुगले, डोळे बाहेर आले, कानांत दडे बसले. आवाज मात्र नाही. हवा पुढे जाईचना.

"बाबा!" लेक ओल्या केसांनी दारात उभी होती. "काय केलंस तू?"

"साफ केलं. बटण बघ कसं लोण्यासारखं चालतंय."

"आणि वाजतंय?"

"तेवढंच राहिलंय."

लेकीला रडू येत होतं, पण घड्याळात साडेतीन झाले होते आणि रडायला वेळ नव्हता. बाबाने दट्ट्यांची अदलाबदल करून पाहिली. पहिल्या खेपेला काहीच नाही. दुसऱ्या खेपेला म्हशीने जांभई द्यावी तसा आवाज निघाला.

"हा सूर आहे का तुझ्या धुनेत?" बाबाने आशेने विचारलं.

लेकीने तिन्ही दट्ट्ये बाहेर काढले आणि एक उजेडात धरला. "बाबा, यावर दोन लिहिलंय."

"कुठे?"

"इथे. कोरलंय. यावर एक, त्यावर तीन. तुझा चष्मा कुठाय?"

चष्मा सकाळीच पांघरुणाच्या घडीत गेला होता. तो शोधण्यात वेळ न घालवता लेकीनेच आकड्यांप्रमाणे दट्ट्ये बसवले. चारला चार मिनिटं कमी असताना ट्रंपेट वाजला.

फोन साखरेच्या डब्याला टेकवून, रेकॉर्डिंग लावून तिने सुरुवात केली. धून छान चालली होती. पण सगळ्यात वरच्या सुरापाशी ती अडली. रोज तिथेच अडायची. आणि बाबा, जो तीन महिने शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसायचा, त्याने नकळत तोच सूर शिट्टीवर उचलला आणि पुढे निघाला. एकही जागा चुकली नाही.

लेक बघतच राहिली. मग तिने ट्रंपेट ओठांना लावला, त्याची शिट्टी पकडली आणि तिच्या मागोमाग तो सूर पार केला. शेवटपर्यंत दोघं एकत्रच पोचली.

"तुला अख्खं पाठ आहे?"

"कानावर पडत होतं," बाबा फोन उचलत म्हणाला. "आता खरं वाजव. एक मिनिट उरलंय."

एका मिनिटात दोन मिनिटांची धून कशी वाजवणार? लेकीने डोळे मिटले आणि शिट्टीसकट सगळं पाठवून दिलं.

दिवसपाळीची नर्स असलेली आई घरी आली, तेव्हा दोघं फोनसमोर मान खाली घालून बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "ट्रंपेट तरी शाबूत आहे ना?" तेवढ्यात फोन वाजला. बँडच्या बाईंचा निरोप होता. लेकीने मोठ्याने वाचला.

"अडल्यावर सोडून न देता पुढे गेलीस, ते आवडलं. शनिवारी दहाला ये. शिट्टी वाजवणारा मुलगा कोण? सूर पक्का आहे. वय कळव, त्याच्यासाठी जागा करता येते का बघू."

आई हसत हसत खुर्चीतच बसली. बाबाचे कान लाल झाले. "मला ती सुरांची, काळ्या ठिपक्यांची लिपी येत नाही," तो पुटपुटला.

"मी शिकवते ना," लेक म्हणाली आणि भराभर उत्तर टाइप करू लागली.

"मुलाचं वय त्रेचाळीस. सांगितलेलं ऐकत नाही, पण शिकवलं तर सुधारेल."