कंट्रोलरचं तळं आणि किसनरावांचा आड

"डोणगावात कोकण उभं करून दाखवीन," असं प्रेमानंद इंगळे म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि ऐकायला समोर फक्त शेजारचे किसनराव होते. पण प्रेमानंद मेहकरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. दिवसभर भोंग्यातून गाड्या पुकारायची सवय. ते कानात बोलले तरी अर्ध्या गल्लीला ऐकू जायचं. संध्याकाळपर्यंत बायका त्यांच्या पत्नीला, समताला, विचारू लागल्या, "काऊन वो समताबाई, कोकणात बदली झाली म्हणे तुमच्यायची?"

बदली वगैरे काही नव्हतं. समताचा भाऊ रत्नागिरीला नोकरीला होता. त्याच्याकडे गेले असताना प्रेमानंदांनी त्याच्या परसातली झाडं पाहिली आणि त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. येताना त्यांनी गाडीत दोन सीटवर झाडं बसवली आणि स्वतः उभ्याने प्रवास केला. सुपाएवढ्या पानांचा अलोकेशिया होता, कुणीतरी कुंचल्याने पट्टे ओढल्यासारखा कॅलाथिया होता, आणि पानांना मोठमोठी भोकं असलेला मॉन्स्टेरा होता.

किसनरावांच्या पत्नी गीताबाई मॉन्स्टेरा बघायला आल्या, त्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "भाऊजी, यावर लवकर फवारा मारा. अळीनं पार खाल्लं."

"वहिनी, ती भोकं जन्माचीच हायेत. त्यालेच शोभा म्हणतात."

"असं होय," गीताबाई म्हणाल्या. पण जाताना त्यांनी आपल्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मारायच्या औषधाची अर्धी बाटली कुंपणाच्या भिंतीवर ठेवून दिली.

मार्च लागला आणि पानांच्या कडा पापडासारख्या कुरकुरीत व्हायला लागल्या. प्रेमानंदांनी झाडं सावलीत सरकवली, हिरवी जाळी बांधली, ड्युटीवर जाण्याआधी आणि आल्यावर पानं ओल्या फडक्याने पुसली. स्वतःच्या लेकरांची तोंडंही त्यांनी कधी इतक्या निगुतीने पुसली नव्हती. शेवटी मोबाईलवर झाडांची माहिती सांगणाऱ्या एका माणसाने निदान केलं की, पाणी मुळाला मिळतंय, पण हवेत ओलावा नाही.

"मंग हवेले पाणी पाजा," समता म्हणाली.

ती वैतागून म्हणाली होती. प्रेमानंदांनी मात्र ते मनावर घेतलं, आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी परसात, किसनरावांच्या भिंतीलगत, तळं खणायला घेतलं. समताने सांगून पाहिलं की खाली जाड प्लास्टिक अंथरा, काळी जमीन आहे, उन्हाने भेगा पडतील, पाणी ठरणार नाही. प्रेमानंद म्हणाले, "मासे काय प्लास्टिकच्या ताटात राहतात का? आपल्या आज्यायनं मातीनंच तळी बांधली." त्यांच्या आज्याने तळं बांधल्याचं समताच्या कधी ऐकण्यात नव्हतं. पण पायाने माती तुडवणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिने भुसा आणून दिला, शेण आणून दिलं, आणि घरात जाऊन पंखा लावला.

तळं मात्र देखणं झालं. बोअरच्या पाण्याने काठोकाठ भरलं. डासांसाठी म्हणून आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले, आणि शोभेसाठी मेहकरहून थोडे लाल मासे. काठावर झाडं मांडली. आठवड्याभरात नवी पानं फुटली, तशी प्रेमानंदांची छाती पुढे आणि पोट मागे गेलं. स्टँडवर ते अकोल्याची गाडी पुकारतानासुद्धा प्रसन्न वाटू लागले.

एकच खोट होती. तळं सकाळी भरलं की दुसऱ्या सकाळी घोट्याएवढं उरायचं.

"बाष्पीभवन," प्रेमानंद म्हणाले.

"इतकं तर समुद्राचंही होत नसन," समता म्हणाली.

प्रेमानंद रोज बोअर चालू करायचे. बोअर बिचारी आधी पाणी द्यायची, मग खोकायची, मग नुसतीच फुसफुसायची.

इकडे भिंतीपलीकडे वेगळाच तंटा चालला होता. किसनरावांच्या परसात एक जुना आड होता. कित्येक वर्षांत त्याने पाण्याचा थेंब दाखवला नव्हता. किसनरावांना तो बुजवून तिथे सोयाबीन ठेवायला टीनाचं शेड घालायचं होतं. गीताबाई आडव्या आल्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिली घागर त्यांनी त्या आडावर भरली होती. "आड जित्ता हाय. झोपला हाय फक्त," असं त्यांचं म्हणणं. "झोपला नाही, मेला तो. अन् तू येडी झाली," असं किसनरावांचं. हा संवाद भिंतीवरून इतक्या वेळा ऐकू आला होता, की समता पोळ्या लाटता लाटता पुढचं वाक्य आधीच पुटपुटायची.

शेवटी किसनरावांनी मुरूम सांगितला. ट्रॅक्टरवाला तुळशीराम ट्रॉली भरून आला आणि ट्रॅक्टर मागे घेत घेत आडापाशी लावला. गीताबाई म्हणाल्या, "थांबा. निदान हळदकुंकू वाहू द्या." त्या काठाशी गेल्या, वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"काय झालं?" किसनराव म्हणाले.

"या इकडं."

खाली पाणी चमकत होतं.

तुळशीरामाने ट्रॅक्टर बंद केला. दोर आला, बादली आली. पहिली बादली गढूळ आली, दुसरी बरी आली, आणि तिसऱ्या बादलीत एक लालभडक मासा गोल गोल फिरत होता. तोवर गल्ली गोळा झाली होती. कुणी म्हणालं जमिनीखालचा झरा फुटला, कुणी म्हणालं थेट पैनगंगेचा पाझर आला. मासा आला म्हणजे झरा जित्ता, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

गलका ऐकून प्रेमानंदही गेले. त्यांनी मासा पाहिला. माशाच्या शेपटीवर पांढरा ठिपका होता. हा ठिपका पाहूनच त्यांनी मेहकरात तो निवडला होता. ते तसेच घरी आले, तळ्यात डोकावले आणि ओट्यावर बसले.

"आपलं पाणी त्यायच्या आडात चाललं," ते समताला म्हणाले. प्रथमच इतक्या हळू बोलले, की तिला दोनदा विचारावं लागलं.

"मंग जा, सांगून द्या."

"सांगतो ना. सांगाच लागन."

ते सांगायलाच गेले होते. पण अंगणात सगळी गल्ली बसली होती, आणि गीताबाईंनी त्याच पाण्याचा चहा टाकला होता. मुरमाची ट्रॉली तशीच उभी होती. किसनराव उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी आज हा आड बुजवत होतो. हिनं अडवलं. मी हिले येडी म्हणलं, एकदा नाही, लई डाव म्हणलं. चुकलं माझं."

गीताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि गाळणं आणायच्या निमित्ताने आत गेल्या. या जन्मात हे ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं नसावं. किसनरावांनाही आपण हे बोलू असं वाटलं नसावं.

"घ्या कंट्रोलर, चहा घ्या," किसनराव म्हणाले. "तुमाले काही बोलाचं होतं वाटते?"

"हाव," प्रेमानंद म्हणाले. "अभिनंदन."

ते परत आले तेव्हा समताने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "उद्या सांगतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी किसनरावच आले. खांद्यावर पाइपाचं भेंडोळं होतं. "कंट्रोलर, तुमचं तळं रोज आटते म्हणे. आता आमच्याकडं पाणीच पाणी हाय. मोटर टाकली आडात. शेजाऱ्याच्या माशायनं तहानलेलं काऊन राहावं?" आणि नाही नाही म्हणेपर्यंत त्यांनी पाइप भिंतीवरून टाकला.

अशी ती व्यवस्था सुरू झाली. सकाळी किसनरावांच्या आडातलं पाणी प्रेमानंदांच्या तळ्यात यायचं, आणि दिवसभरात मुकाट्याने आडात परत जायचं. डोणगाव–मेहकर गाडीसारखं त्याचं जाणंयेणं सुरू झालं. जे काही उन्हात उडून जायचं, तेवढं प्रेमानंद आपल्या बोअरने गुपचूप भरून काढायचे.

पाणी सतत खेळतं राहिल्याने तळं आरशासारखं स्वच्छ झालं. मधली जमीन ओली राहिल्याने झाडं चेकाळली. मॉन्स्टेरा भिंतीवर चढला आणि पलीकडे डोकावू लागला. किसनरावांचं लिंबाचं झाड फुलांनी भरून गेलं. गावातले लोक एका अंगणातून झरा पाहून निघायचे आणि दुसऱ्या अंगणात कोकण पाहायला यायचे. दोन्हीकडे चहा व्हायचा. कौतुक झालं की प्रेमानंद जमिनीकडे बघायचे. लोकांना वाटायचं, माणूस नम्र आहे.

मे महिन्यात गल्लीची डीपी जळाली. वीज गेली ती गेलीच. नळ बंद, बोअर बंद, किसनरावांची मोटर बंद. लोक घागरी घेऊन आडावर आले. किसनराव काठावर उभे राहून म्हणायचे, "घ्या, घ्या, झरा हाय, सरकारी नळ नव्हे." लोकांनी घेतलं. दोर खाली खाली जाऊ लागला. भिंतीअलीकडे तळंही ओसरत चाललं होतं, आणि ते भरायला कुणीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बादली खडकाला लागून वाजली.

किसनराव डगमगले नाहीत. "झरा दाबला गेला," ते भिंतीवरून प्रेमानंदांना म्हणाले. "तुळशीरामाले सांगतलं मी. उद्या माणसं लावतो, आड अजून दोन पुरुष खोल करतो. अशीच साथ राहिली तर पुढच्या साली इथून वावरात पाइप नेईन. केळी लावीन म्हणतो."

"केळी?"

"हाव. तुमच्या तळ्याकाठची हिरवळ पाहून हिंमत आली."

प्रेमानंद घरात आले. आता मात्र सांगायलाच हवं होतं. हा माणूस आपल्या न बोलण्यापायी कोरडा खडक फोडत बसेल, आणि मग बाग लावेल. ते परसात गेले. तळं जवळजवळ रिकामं होतं. एका कोपऱ्यातल्या डबक्यात मासे दाटीवाटीने उभे होते, गर्दीच्या गाडीतल्या प्रवाशांसारखे. आणि भिंतीच्या बाजूला, तळाच्या दगडाखाली, एक भोक दिसलं. चांगला हात जाईल एवढं, गोल आणि गुळगुळीत.

ते चिखलात गुडघे टेकून वाकले. "समता, इकडं ये," ते म्हणाले. "घुशीनं बीळ केलं. हे पाहा, सरळ आडापर्यंत गेलं."

समता काठावर येऊन उभी राहिली. "मंग आता काय करता?"

"किसनभाऊले जाऊन सांगतो. सरळ सांगतो, भाऊ, तुमच्या आडात झराबिरा काही नाही, पयल्या दिवसापासून माझ्या तळ्याचं पाणी येऊन राह्यलं. मासाही माझाच. मले तवाच समजलं होतं, पण तुमी चारचौघात वहिनीची माफी मागतली, अन् माझं तोंड उघडलं नाही."

प्रेमानंदांनी हे सगळं बिळाच्या तोंडाशी वाकून, ठासून आणि शब्द सुटे सुटे करून म्हटलं. गाडी सुटायची वेळ सांगावी तसं.

मग बीळ बोललं.

"भाऊजी."

प्रेमानंद मागे बसले ते थेट चिखलात. समताने तोंडावर हात धरला.

"भाऊजी, मी गीता. आडावर हावो. तळाचं पाणी ओढून राह्यली होती."

"वहिनी," प्रेमानंद बिळाकडे तोंड करून म्हणाले, "तुमी ऐकलं काय?"

"सगळंच ऐकू आलं. आडात तर लई घुमते."

"मी आताच येतो, भाऊले सांगतो."

"नका सांगू."

प्रेमानंदांनी समताकडे पाहिलं. समताने खांदे उडवले.

"वहिनी, पण भाऊ आड खोल करून राह्यले ना."

"ते मी पाह्यते. आडाले आराम लागते म्हणून सांगीन. आता माझं ऐकतात ते." दोर करकरला. "उभ्या जन्मात त्यायनं एक डाव चुकलं म्हणलं, भाऊजी. ते पाण्यावरच उभं हाय. राहू द्या."

"आणि केळी?"

"केळीचंही मी पाह्यते. तुमी फक्त ते बीळ बुजवू नका."

प्रेमानंदांनी बिळाकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं की खरं बोलून आपण मोकळे होऊ, दोन शिव्या खाऊ, आणि तळ्यात प्लास्टिक टाकू. प्लास्टिक तर त्यांनी मनातल्या मनात आणूनही ठेवलं होतं.

"अन् भाऊजी," बीळ म्हणालं.

"बोला, वहिनी."

"लाइट आली की जरा पहाटंच भरत जा तळं. मले पूजेले ताजं पाणी लागते. अन् संकष्टी चवथीले पाव्हणे येणार हायेत, तवा दोन डाव भरा."

कंट्रोलर साहेब चिखलात गुडघ्यावर बसले होते. बायको काठावर उभी होती, मासे टक लावून बघत होते. त्यांनी घसा साफ केला, आणि बिळात तोंड घालून म्हणाले, "हाव, वहिनी."