रोमची रूम

अनसूयाबाईंनी त्या दिवशी चादरी हाताने न धुता मशीनला लावल्या, तिथून सगळं सुरू झालं. मशीन गॅलरीत आणि दशरथरावही गॅलरीत, फोनवर. मशीन गरगरायला लागलं तसा त्यांचा आवाज चढला. आत मेथी निवडणाऱ्या अनसूयाबाईंना ऐकू आलं,

“सगळं रूमचंच आहे रे, नीरज. नुसती नावं बदललीयत. छे, हिला काही सांगितलं नाही.”

मेथीची जुडी हातातच राहिली.

रूम म्हणजे नवघरची. भाईंदर पश्चिमेला फ्लॅट घेण्याआधी त्यांनी जिथे संसार केला ती. कागदावर दशरथरावांची, पण भाडेकरू गेल्यापासून तिथे बायकांसाठी वाचनालय उघडायचं अनसूयाबाईंच्या मनात पक्कं होतं. चौथीत शाळा सुटली, तरी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून त्या शिकल्या होत्या (आणि हल्ली वर्तमानपत्रांना त्यांच्या चुका कळवत होत्या). पुस्तकांची खोकी पलंगाखाली तयार होती. आणि या माणसाने परस्पर नाव बदललं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेल्याच चादरी पुन्हा मशीनला लावल्या. मशीन चालू असलं की माणूस मोठ्याने बोलतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

“लविकाला मोठं घर दिलंय,” दशरथराव ओरडत होते. “मधोमध अंगण, त्यात कारंजं. पाणी थेट डोंगरावरून आणतोय, कमानींवरून.”

आम्ही इथे टँकरची वाट बघत बादल्या भरून ठेवायच्या, आणि लविकाला कारंजं! डोंगर कुठला? घोडबंदरजवळच्या चेणे गावाकडचाच असणार.

शेजारच्या मंदाने सगळं ऐकून मान हलवली. “वहिनी, रूम गेली समजा. आता माणूस तरी सांभाळा.”

“माणूस गेला तरी चालेल,” अनसूयाबाई म्हणाल्या. “रूम नाही जायची.”

चादरी तिसऱ्यांदा धुतल्या तेव्हा ऐकू आलं, “शेवट ठरला, नीरज. नवराबायकोचा वाद आणि अंजिरातून विष.”

संध्याकाळी दशरथराव अंजिरं घेऊन घरी आले. केळ्यांपलीकडे फळ असतं हे या माणसाला लग्नानंतर कधी सुचलं नव्हतं.

“घे गं, ताजी आहेत.”

“आधी तुम्ही.”

“मला नको. तुझ्यासाठी आणलीत.”

“खा म्हणते ना.”

दशरथराव भिंतीला टेकले. “तू... वाचलंस?”

“वाचायचं काय त्यात, ऐकलं सगळं. कोण ही लविका? आणि माझी रूम तिच्या नावावर कशी केलीत?”

“रूम नाही गं, रोम.”

“तेच म्हणतेय मी.”

“अगं, रोम. इटलीतलं. जुनं.”

मग हळूहळू बाहेर पडलं. ऑफिसात जन्मभर आवक-जावक केलेला हा माणूस रिटायर झाल्यावर कादंबरी लिहीत होता. त्यात उडते घोडे आणि कुठल्याच नकाशावर नसलेलं राज्य. पण त्या राज्यातली सभा, सैन्याचे रस्ते, स्नानगृहं, पाण्याच्या कमानी, सगळं जुन्या रोममधून उचललेलं. ऑफिसातला नीरज तेवढा वाचत होता. बायकोला का नाही सांगितलं? तर ती चुका काढेल म्हणून.

“आणा इकडे,” बायको म्हणाली.

लाल पेन घेऊन त्या बसल्या. अंजिरं तशीच राहिली, जेवणही राहिलं. शेवटचं पान उलटून त्यांनी चष्मा काढला.

“ऱ्हस्व-दीर्घ बेकार आहे. राज्य झकास उभं केलंत, कमानी तर डोळ्यांसमोर येतात. पण ही लविका काही पटत नाही बाई. सम्राट लढाई जिंकून येतो आणि ही म्हणते, आधी पाय पुसा. सभेतल्या म्हाताऱ्यांचं व्याकरण सुधारते. नवऱ्यावर संशय घेते, खांबाआडून ऐकते, शेवटी त्याला विषाची अंजिरं चारते. अशी बाई असते का कुठे? तिथे रोममध्ये असेल. काढून टाका तिला.”

दशरथरावांनी पानं गोळा करून नीट लावली.

“विष रोमचं आहे,” ते हळूच म्हणाले. “बाई भाईंदरची.”

अनसूयाबाईंनी लाल पेनाला टोपण लावलं आणि अंजिरांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

“घ्या.”

“रूम उद्याच तुझ्या नावावर करतो,” दशरथराव म्हणाले. बशीला मात्र त्यांनी हात लावला नाही.