दगडी बंगल्याचा वरचा मजला

माझा दादा चिखलदऱ्याच्या दगडी बंगल्याचा इतिहास पर्यटकांना सांगायचा, आणि तो सांगेल तसा बंगला होत जायचा.

त्याची एक रीत होती. दादानं व्हरांड्याच्या खांबाला हात लावून सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं "हो का!" म्हणायचं. तेवढ्यानं बंगल्याला पटायचं. दादा एकदा म्हणाला, इथं इंग्रज साहेबाचा हत्ती बांधत. अमरावतीच्या एक बाई म्हणाल्या, "हो का!" लगेच भिंतीतून लोखंडी कडी निघाली आणि तिच्याखाली लीद पडली.

"दादा, बोलायच्या आधी विचार करत जाय ना. हे उचलते कोण?"

"उद्या साहेबाचा माहूत सांगतो," दादा म्हणाला. "आज तू उचल बारक्या."

माहूत सांगायचं तो विसरला. लीद मीच उचलली.

बंगला मुळात बैठा होता. वरचा मजला दादानंच सांगितला, जिन्यासकट, आणि आम्ही दोघं तिथंच राहायला लागलो. दादा म्हणायचा, साहेब याच वरच्या खोलीत तापानं पडला होता. डॉक्टरनं आशा सोडली, आणि सकाळी साहेब उठून चहा मागायला लागला. एवढं ऐकून मात्र पर्यटक हसायचे. "हो का" कोणी म्हणत नसे. म्हणून ते कच्चंच राहिलं.

मृगाच्या आधी दादाला ताप आला. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाला, "वरच्या खोलीत नेऊन टाक मले. तिथं माणूस उठते." वर नेताना मी खांबाला त्याचा हात लावला आणि "हो का" म्हणत राहिलो. घरच्या माणसाचं "हो का" बंगला धरत नाही. दादा उठला नाही. आम्ही त्याला पोचवून आलो.

तेरवी व्हायच्या आत, एका सकाळी पुरातत्त्व खात्याच्या निमकर मॅडम आल्या. सोबत श्रावण नावाचा शिपाई होता.

"बंगल्याला खरा इतिहास लागू करायचा आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या भावामुळं खात्याची फार अडचण झाली. नकाशात नसलेल्या चार खोल्या निघाल्यात."

"पाच," मी म्हटलं. "एक जिन्याखाली हाय."

मॅडमनी खांबाला हात लावला. "येथे हत्ती नव्हता."

"हो का!" श्रावण म्हणाला. भिंतीतली कडी गळून पडली.

"येथे पियानो नव्हता."

"हो का!" आत रोज आपोआप वाजणारा पियानो मधेच थांबला. श्रावणचा चेहरा पडला. "मॅडम, चांगला वाजत होता हो."

"श्रावण, तुम्ही फक्त 'हो का' म्हणायचं."

"हो का!"

"आत्ता नाही."

एकच वाक्य उरलं होतं. ते मला ठाऊक होतं. मॅडमनी घसा साफ केला. "हा बंगला एकमज..."

मी धावत जाऊन खांबाला मिठी मारली. "थांबा! वर दादाची खाट हाय."

"मग खाली आणून घ्या. आम्ही थांबतो."

"खाट येईन हो. त्याचं काय? दादा झोपला हाय तिच्यावर." मला काय बोलतोय ते कळत नव्हतं, पण थांबता येत नव्हतं. "लय फेकायचा मॅडम तो. आंघोळ चुकवली की म्हणायचा, साहेबबी थंडीत आंघोळ करत नव्हता. त्याचा सदरा घातला की मले मारायचा अन् मंग तोच सदरा मलेच देऊन टाकायचा. तापानं पडला हाय वर. आता सकाळ झाली. आता उठते अन् चहा मागते."

श्रावणनं तोंड उघडलं. मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तोंडावर हात ठेवला.

मी खांब सोडला नाही. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला आणि जिन्याकडं पाहिलं.

"हो का?" त्या हळूच म्हणाल्या.

वर खाट करकरली.

"बारक्या," वरून आवाज आला, "चहा टाक. अन् पियानो काऊन बंद हाय बे?"

मी चुलीकडं निघालो.

"माझ्यात साखर नको," मॅडम म्हणाल्या.